भाव कुणाचा खिसा बघून ठरतो?

अंध माणसासाठी बनवलेली वस्तू महाग का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव जास्त. हे अर्धंच खरं आहे.

संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं 'जॉज' घ्या. टेड हेंटर या अमेरिकन अभियंत्याची दृष्टी मोटार अपघातात गेली. त्यांच्या कंपनीने १९८९ साली ते डॉससाठी आणलं, पुढे विंडोजसाठी. पूर्ण परवान्याची किंमत अमेरिकेत वर्षानुवर्षं हजार डॉलरच्या आसपास राहिली. नवी आवृत्ती हवी तर पुन्हा पैसे. विनापरवाना चालवलं तर चाळीस मिनिटं चालणार, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करा.

आता सांगा, कोणता बेरोजगार अंध तरुण हजार डॉलर काढेल? तिथे पैसे बऱ्याचदा सरकारचं पुनर्वसन खातं देतं, किंवा विद्यापीठ, किंवा नोकरीवर ठेवणारा मालक. भाव त्यांचा खिसा बघून ठरला. वापरणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा असला की घासाघीस करायला कुणीच उरत नाही.

शिवाय इतर कंपन्या आपले प्रोग्रॅम अंधांचा विचार न करता बनवतात, आणि त्यातल्या चुका भरून काढत वाचकयंत्राच्या मागे कायम माणसं राबतात. जिना बांधणाऱ्याने कठडा विसरायचा आणि कठड्याचे पैसे पडणाऱ्याकडून घ्यायचे!

२००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतलं. जेम्स तेह हा दुसरा अंध मित्र सोबत आला. ते फुकट आहे, देणग्या आणि अनुदानांवर चालतं. गिऱ्हाईक तेवढेच होते की! प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचंही पोट असतं, हे मला मान्य आहे. मग सरकारने एकेक परवाना विकत घेण्यापेक्षा असल्या खुल्या कामाला पैसा द्यावा. त्याचा उपयोग सगळ्यांनाच होईल.

माझा भाचा एनव्हीडीएच वापरतो. परवा एका भरतीचा अर्ज भरायला बसला. पानावरच्या चित्रांना नावंच नव्हती, त्यामुळे यंत्र नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणत राहिलं. मराठी जाहिरात युनिकोडमध्ये नव्हती, जुन्या फॉन्टमध्ये होती. ती वाचताना यंत्र इंग्रजी अक्षरांचा काला बडबडू लागलं. शेवटी कॅप्चाचं चित्र आलं.

"मामू, तुम्हीच वाचा."

मी वाचलं. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ सालचा आहे. ते पान, खालच्या तारखेप्रमाणे, मागच्याच महिन्यात नवं केलेलं होतं.