उजेड स्टेजवर, खेळ अंधारात

जळगाव-धुळ्यात हॉलमध्ये झालेल्या कबड्डी स्पर्धेची बातमी उघडा. फोटो हमखास पाहुण्यांच्या सत्काराचा! "भारी कॅमेरा घ्या, खेळाचेही फोटो येतील," असं मला ऐकवणाऱ्यांनी जरा गणित करावं. सेकंदाला ५ मीटरने झेपावणारी खेळाडू १/६० सेकंदात ८ सेंमी सरकते, म्हणजे चेहरा पुसला गेला! १/५०० मध्ये १ सेंमीच सरकते, पण उजेड आठपट कमी मिळतो. फ्लॅश मारला तर तिचे डोळे दिपणार. ५० मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स एफ/५.६ च्या किट लेन्सपेक्षा जवळपास दहापट उजेड घेते. आयएसओ ३२०० केला की फोटो दाणेदार येतो, पण येतो. मान्य. मात्र जुन्या चोकवरच्या ट्यूब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एक फ्रेम उजळ, पुढची मळकी. तिथे लेन्स काय करणार?

मंडळी, दोष कॅमेऱ्याचा नाही, आयोजकांचा आहे. स्टेजवर झगझगीत फोकस आणि मॅटवर चार ट्यूब! त्यातले दोन फोकस उंचावरून मॅटवर सोडा की. खानदेशातल्या पोरीने मारलेली पकड पुन्हा होत नाही. हार घालणारे हात काय, दरवर्षी तेच असतात.