घरचे आरोग्य : रक्तदाब नीट मोजून घ्या

"रोज शेतात राबतो, भाकरी गोड लागते, मला कसला आलाय रक्तदाब?" असे पुष्कळजण म्हणतात. पण रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्करही येत नाही. आतल्या आत मात्र हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडांवर ताण पडत राहतो आणि एखाद्या दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो. म्हणून दाब मोजून पाहणे हाच तो ओळखण्याचा मार्ग आहे.

मोटार पाणी लोटते तेव्हा पाइपाला आतून दाब बसतो. रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा आणि ते सैल पडते तेव्हाचा हा खालचा. १२०/८० च्या आत दाब असणे चांगले. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर रक्तदाब वाढला असे डॉक्टर ठरवतात.

दंडाला पट्टा बांधून हवा भरली की तेथील रक्तप्रवाह क्षणभर थांबतो. हवा हळूहळू सोडताना नळीतून पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. ठोके ऐकू येईनासे होतात, तो खालचा. पट्ट्याची युक्ती इटलीचे डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ साली काढली. ठोके ऐकण्याची रीत रशियाचे डॉक्टर कोरोटकोव्ह यांनी १९०५ साली दाखवली. हल्लीची विजेरीवरची यंत्रे आकडा आपोआप दाखवतात.

मात्र बाजारातून धापा टाकत येऊन लगेच हात पुढे केला, तर आकडा चुकीचा येतो. म्हणून एवढे पाळा :

१. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी, मिश्री नको. लघवी करून या.

२. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटे शांत बसा.

३. उघड्या दंडावर पट्टा बांधा. हात छातीच्या उंचीवर टेकलेला असावा.

४. मोजताना बोलू नका. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा.

एकदा आकडा जास्त आला म्हणून घाबरू नका, पण पुन्हा मोजायचे टाळूही नका. मात्र आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा हातपाय लुळा पडला असेल, तर तडक दवाखाना गाठा.

मीठ दिवसाला माणशी एका लहान चमच्याहून कमी असावे. त्यात लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या यांतले मीठही धरा. डॉक्टरांनी गोळी सुरू केली असेल, तर बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने सोडू नका. दाब आटोक्यात आलेला असतो तो गोळीमुळेच. शेजाऱ्याची गोळीही घेऊ नका.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून घ्यावा. आणि घरधनी जाईल तेव्हा घरधनिणीनेही बरोबर जावे.