मौन कोणाचे? : ब्योल यांची अप्रकाशित कादंबरी आणि झेबाल्ड यांचा आक्षेप

डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांनी १९९७ साली झ्युरिक येथे दिलेली व्याख्याने १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि युद्धोत्तर जर्मन कथात्म साहित्याच्या समीक्षेपुढे एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहिला. दोस्तराष्ट्रांच्या बाँबवर्षावात जर्मन शहरे बेचिराख झाली. परंतु या अनुभवाला जर्मन लेखकांनी जवळजवळ वाचाच दिली नाही, असे त्यांचे म्हणणे. हाम्बुर्गच्या विनाशाविषयीचे नोसाक यांचे निवेदन आणि हाइनरिश ब्योल (१९१७–१९८५) यांची 'डेअर एंगेल श्वीग', म्हणजे 'देवदूत मौन होता', ही कादंबरी असे मोजकेच अपवाद ते मानतात.

माझ्या मते झेबाल्ड यांच्या विवेचनातील कच्चा दुवा या दुसऱ्या अपवादातच आहे. ही कादंबरी ब्योल यांनी १९४९ ते १९५१ या काळात लिहिली. ती प्रकाशित झाली १९९२ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. युद्धाच्या आठवणी वाचकाला नकोत, या समजुतीने प्रकाशकाने तेव्हा ती छापली नाही. १९४८ च्या चलनसुधारणेनंतर पश्चिम जर्मनीतील दुकाने भरू लागली होती. धुळीची आणि भुकेची कादंबरी कोणाला हवी होती? येथे लेखक बोललेला आहे. मौन आहे ते ग्रंथव्यवहाराचे आणि अभिरुचीचे. झेबाल्ड हे दुसरे मौन जाणत नाहीत असे नाही. तथापि दोषारोपाचा रोख ते लेखकांकडेच ठेवतात.

याच सामग्रीतील काही भाग ब्योल यांनी १९५३ च्या 'उंड झाग्टे काइन आइन्त्सिगेस वोर्ट' या कादंबरीत वापरला, ही बाब अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी. तेथे दारिद्र्याने विस्कटलेला एक संसार कथेच्या केंद्रस्थानी आला आणि उद्ध्वस्त शहर पार्श्वभूमीला गेले. ही कादंबरी वाचकांनी स्वीकारली. दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचल्यास, मौन एखाद्या लेखनात कसकसे शिरते हे डोळ्यांसमोर येते. उलट गेर्ट लेडिग यांनी १९५६ मध्ये एका हवाई हल्ल्याचे निर्दय चित्रण 'फेरगेल्टुंग'मध्ये केले. समीक्षकांनी ती कादंबरी झिडकारली आणि ती १९९९ च्या पुनर्मुद्रणापर्यंत विस्मृतीत राहिली.

ब्योल यांची बाजू त्यांनी स्वतःच १९५२ मध्ये मांडली होती. 'भग्नावशेषांचे साहित्य' हे हिणवणारे नाव त्यांनी न लाजता स्वीकारले आणि होमरनेही युद्ध, नगरनाश व घरवापसी हेच गायिले, याची आठवण करून दिली. पुढे नोबेल पारितोषिक (१९७२) मिळाले, 'राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धी' ही उपाधी चिकटली, आणि त्यांच्या गद्याकडे पाहण्याचे कामच जणू उरले नाही.

झेबाल्ड यांनीच सांगितलेली एक हकिकत येथे उद्‌धृत करण्याजोगी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ सॉली झुकरमन युद्धाच्या अखेरीस कलोनचा विध्वंस पाहून आले. विनाशाच्या निसर्गेतिहासावर ते एक लेख लिहिणार होते. तो त्यांच्याकडून लिहिला गेला नाही. कलोन हे ब्योल यांचे जन्मगाव. परक्या निरीक्षकाची लेखणी जेथे थांबली, तेथे या रहिवाशाने निदान कादंबरी पूर्ण केली.

ती निर्दोष नाही. ८ मे १९४५ रोजी खोट्या कागदपत्रांनिशी शहरात परतलेला सैनिक, मूल गमावलेली रेगिना, त्यांचा थकवा हे सारे अस्सल उतरले आहे. परंतु धार्मिकतेचा मुखवटा धारण केलेला फिशर मात्र एकरंगी, जवळजवळ नाटकातील खलपुरुष वाटतो. कादंबरी १९५१ मध्येच छापली गेली असती तर ही चर्चा तेव्हाच झाली असती, आणि चौतिशीतल्या ब्योल यांना तिचा काही उपयोगही झाला असता.