ब्लेकच्या आईचा अर्ज

इंग्रज कवी विल्यम ब्लेकची आई मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाची होती, म्हणून ब्लेकचा धर्मही मुळात मोरेव्हियनच, असे हल्ली अनेक अभ्यासक धरून चालतात. पुरावा अस्सल आहे, यात वाद नाही. लंडनच्या मोरेव्हियन दप्तरातला तिचा अर्ज २००४ मध्ये उजेडात आला. कॅथरीन आर्मिटेज या नावाने तिने १७५० मध्ये फेटर लेनच्या मंडळीत प्रवेश मागितला होता. प्रीतिभोजनात ख्रिस्ताच्या जखमांचा आपल्याला कसा अनुभव आला, हे ती त्यात भाबडेपणाने सांगते.

या पंथाचे माहेर हेर्नहुट. सॅक्सनीत झिन्झेनडॉर्फ या सरदाराच्या जमिनीवर १७२२ मध्ये ते वसले. वय, लिंग आणि विवाहित-अविवाहित यांवरून तिथे माणसांचे गट पाडलेले असत. त्या आदर्श वसाहतीचे स्वप्न आईच्या दुधातून मुलात उतरले, असा हा तर्क. ऐकायला गोड, पण सनावळी बघा. तिचा पहिला नवरा आर्मिटेज १७५१ मध्ये वारला, बाईने मंडळी सोडली, १७५२ मध्ये जेम्स ब्लेकशी लग्न केले. विल्यम जन्मला १७५७ मध्ये, आणि त्याचा बाप्तिस्मा झाला तो इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चमध्ये.

पंथ सुटला तरी संस्कार सुटत नाहीत, असे कोणी म्हणेल. कबूल. मग निदान गाभा तरी जुळावा! मोरेव्हियन भक्तीचा सगळा भार ख्रिस्ताच्या जखमांवर आणि रक्तावर. ब्लेकने मात्र म्हातारपणी दैनंदिनीकार क्रॅब रॉबिन्सनला साफ सांगितले, की ख्रिस्ताच्या बलिदानाने आपली पापे फिटतात ही शिकवणच भयंकर आहे. विठोबालाच नाकारणाऱ्याला आपण वारकरी म्हणू काय?

म्हणजे ब्लेकला कुठल्याच पंथाने स्पर्श केला नाही, असे नव्हे. एप्रिल १७८९ मध्ये स्वीडिश गूढवादी स्वीडनबोर्गच्या अनुयायांची लंडनला परिषद भरली, तेव्हा ब्लेक आणि त्याची बायको, दोघांनीही तिथे सह्या केल्या. पुढच्याच वर्षी त्याने ‘स्वर्ग आणि नरक यांचा विवाह’ लिहायला घेतले आणि स्वीडनबोर्गची यथेच्छ टर उडवली. गंमत अशी, की शीर्षक त्याच्याच ग्रंथावर बेतलेले, आणि स्वीडनबोर्ग आपल्या परलोकभेटींच्या ‘संस्मरणीय’ हकिकती सांगे, तर ब्लेकही तसल्याच ‘संस्मरणीय’ कल्पना रचतो, पण त्याला तोंडघशी पाडण्यासाठी. ब्लेकवरचा प्रभाव शोधायचा तर या भांडणात शोधावा. आईच्या अर्जात तो सापडायचा नाही.

मोरेव्हियन वसाहतीने घडवलेला कवी हवाच असेल, तर जेम्स माँटगोमरी आहे. आईवडील पंथाचे मिशनरी, शिक्षण यॉर्कशरच्या फुलनेक वसाहतीत, आणि हयातभर लिहिली शेकडो स्तोत्रे. त्याच्यावर खुशाल प्रबंध लिहा, ब्लेकला सोडा.