कंद उपटला, वंश संपला

पावसाळ्यात किनवट-माहूरच्या सागवनात कळलावी आणि मुसळी भूमीतून वर येतात. दोन्ही एकदल, दोन्हींचे प्राण जमिनीखाली, दोन्ही औषधी म्हणून प्रसिद्ध. तरी त्यांचे नशीब सारखे नाही.

नांगरासारख्या कंदामुळे कळलावीला संस्कृतात लांगली म्हणतात. तिच्या तांबड्या-पिवळ्या फुलाला तामिळनाडूने राज्यपुष्पाचा मान दिला आहे. तेथील शेतकरी तिची लागवड मुख्यतः बियांसाठी करतात, कारण वातरक्तावरील कोल्चिसीन हे औषध बियांतूनही मिळते. बी घेतले तरी कंद जमिनीत राहतो. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या या वेलीला जागतिक लाल यादीने चिंतेचे कारण नसलेल्या गटात ठेवले आहे.

मुसळीची स्थिती निराळी आहे. तिच्या एका जातीचे शास्त्रीय नावच बोरिवलीवरून पडले आहे. ही सफेद मुसळी भारताबाहेर निसर्गतः आढळत नाही, आणि तज्ज्ञ तिची गणना संकटग्रस्त वनस्पतींत करतात. बाजारात किंमत आहे ती मांसल मुळांना. पाने वाळली की झाड सापडत नाही. म्हणून खोदणारा हिरवी पाने पाहूनच, पुष्कळदा बी पिकण्याआधी, कुदळ मारतो. मुळे गेली, बीही गेले. मग पुढील वर्षी तेथे काय उगवणार?

जागतिक यादीने अभय दिलेल्या कळलावीची तरी चिंता कशाला, असे कोणी विचारील. पण जगाचे अभय लातूरच्या बांधाला लागू पडत नाही. या जिल्ह्यात वन नाममात्र आहे. कुंपण आणि बांध हाच अशा वेलींचा आसरा. बांध कोरले, कुंपणे जाळली की तोही संपतो.

पोटासाठी खोदणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि नोंदवह्या यांची तरतूद केली आहे. या दोन वनस्पती कोठे उरल्या आहेत, हे त्या वह्यांत लिहिले जावे. बी गळल्यावरच खोदावे, काही मुळे जागेवर राखावीत, आणि लागवडीची रोपे रानातून न आणता रोपवाटिकेतून मिळावीत, हा नियम ग्रामसभेने करावा. रान ओरबाडून आलेले चार पैसे एका हंगामाचे. राखलेले रान पुढच्या पिढीलाही मिळकत देईल. कोरी नोंदवही मात्र कोणत्याच वनस्पतीला वाचवीत नाही.