विंडोज नव्याने टाकलीय? लगेच दुकानात पळू नका!



घरचा कॉम्प्युटर फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकली की कधी आवाज गायब, कधी वायफाय दिसत नाही. आपण म्हणतो, "मशीन गेलं!" आणि उचलून दुकानात नेतो. माझं मत स्पष्ट आहे : यातली बरीचशी दुरुस्ती घरी जमते, आणि ती मुलांसमोरच करावी.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं चिन्ह दिसलं तर बहुतेक वेळा ड्रायव्हर नसतो. तो लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. वायफायच बंद असेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टिथरिंग सुरू करा.

माझ्या डी ड्राइव्हवरच्या प्रश्नपत्रिका उघडल्या, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं न् खुणा! फाइल बिघडली नव्हती. जुना फॉन्ट पुसला गेला होता. तो पुन्हा टाकला, मराठी परत आली. तेव्हापासून मी युनिकोडमध्येच टाइप करते.

डेस्कटॉपवरचे स्नेहसंमेलनाचे फोटो मात्र गेले ते गेलेच. डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! पालक फोटो मागत होते, मी मान खाली घालून उभी.

म्हणून सांगते, आधी पेनड्राइव्हवर कॉपी, मगच फॉरमॅट. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदला, तपासा, मग पुढे जा. गणितातही आपण मुलांना पायरी-पायरीनेच शिकवतो ना?