२८ वर्षांचा पट्टा

ज्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, तिच्यातल्या अजिंक्यपदाचा इतिहास शोधून काय मिळणार? आपल्याकडे अशा कुस्तीला ‘नूरा कुस्ती’ म्हणतात, आणि पुढाऱ्यांच्या लुटुपुटीच्या भांडणांनाही तेच नाव देतात. अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती, म्हणजे आपली नातवंडं टीव्हीवर बघतात ती डब्ल्यूडब्ल्यूई, ही तर उघडउघड नूरा कुस्ती. तरीही तिच्यातल्या महिला अजिंक्यपदाचा इतिहास मला फार बोलका वाटतो. आखाड्यातल्या कुस्तीचा निकाल मनगट लावतं, इथे तो मालक लावतो. त्यामुळे विजेत्यांची यादी वाचताना आपण मालकाच्या मर्जीची नोंदवही वाचत असतो.

कंपनीची यादी सुरू होते ‘फॅब्युलस मूला’पासून. खरं नाव मेरी लिलियन एलिसन, राहणारी दक्षिण कॅरोलायनाची. तिकडच्या बोलीत ‘मूला’ म्हणजे पैसा. कुस्ती कशासाठी खेळतेस, असं विचारल्यावर तिने ‘पैशासाठी’ म्हणून सांगितलं, आणि तेच नाव चिकटलं असं म्हणतात. १८ सप्टेंबर १९५६ रोजी बाल्टिमोरला जूडी ग्रेबलला हरवून तिने पट्टा घेतला आणि २३ जुलै १९८४ पर्यंत तो तिच्याकडेच होता, असं ही यादी सांगते. जवळजवळ २८ वर्षं!

मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे असा गुळगुळीत आकडा दिसला की शंका येते. भाटाने मधलं काहीतरी गाळलेलं असणार. इथेही तेच आहे. १९६६ मध्ये बेटी बाउचर, १९६८ मध्ये जपानात युकिको तोमोए, १९७६ मध्ये सू ग्रीन, १९७८ मध्ये एव्हलिन स्टीव्हन्स... या चौघींनी मूलाला हरवून पट्टा घेतला होता. थोड्याच दिवसांत तो परत मूलाकडे गेला ही गोष्ट खरी, पण घेतला तर होता! पुढे १९८०च्या दशकात मूलाने या अजिंक्यपदाचे हक्क व्हिन्स मॅकमहनच्या कंपनीला विकले. (हो, विकले. घर विकावं तसं.) ‘२८ वर्षं अजिंक्य’ ही जाहिरात खपणारी होती, म्हणून चौघी यादीतून गेल्या.

मूलाच्या आधीची गोष्टही सरळ नाही. १९३७ पासून मिल्ड्रेड बर्क ही बाई जगज्जेती म्हणून गाजत होती. तिचा नवरा बिली वुल्फ हाच तिचा व्यवस्थापक, आणि अमेरिकेतल्या बहुतेक स्त्री-मल्लांचे सामने ठरवणाराही तोच. कमाईतला मोठा वाटा त्याच्या खिशात जाई. दोघांचा काडीमोड झाला आणि २० ऑगस्ट १९५४ रोजी अटलांटात बर्कसमोर उभी राहिली जून बायर्स, वुल्फची सून. हा सामना मात्र ठरवून केलेला नव्हता, दोघी खरोखरच भिडल्या. पहिली फेरी बायर्सने घेतली, दुसरी निकालाविना थांबवली गेली. तीनपैकी दोन फेऱ्यांचा सामना, त्यातली एकच पूर्ण झाली, तरी पट्टा बायर्सचा! आपण हरलोच नाही, असं बर्क म्हणत राहिली. नवऱ्याशी काडीमोड घेता येतो, पण पट्टा त्याच्याच घरात राहतो.

मूला सुरुवातीला याच वुल्फच्या हाताखाली होती. त्याचं वागणं तिने जवळून पाहिलं, त्याच्याशी बिनसलं आणि ती बाहेर पडली. मग तिने स्वतःची शाळा काढली, मुली तयार केल्या, त्यांचे सामने ठरवू लागली आणि त्यांच्या कमाईतला वाटा घेऊ लागली. वाटा फारच मोठा होता, अशी तक्रार तिच्या हाताखालून गेलेल्या अनेकींनी पुढे केली. त्याहून गंभीर आरोपही झाले. तिच्या काही शिष्यिणींनी ते नाकारले आणि तिची बाजू घेतली. एक मात्र नाकारता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात बायकांच्या कुस्तीवर बंदी होती, ती १९७२ मध्ये उठली आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या रिंगणात बायका उतरल्या, त्यात मूलाचा वाटा होता. सासुरवास सोसलेली बाई पुढे खाष्ट सासू होते, हे आपल्याला नवीन नाही. म्हणून तिने सोसलेलं खोटं ठरत नाही आणि तिने केलेलं माफही होत नाही.

त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २३ जुलै १९८४ रोजी वेंडी रिक्टरने मूलाला हरवलं. रिक्टरच्या बाजूला गायिका सिंडी लॉपर उभी, आणि सामना एमटीव्हीवर. पोरगी रातोरात प्रसिद्ध झाली. प्रसिद्ध झाल्यावर तिने साहजिकच मानधनाचा विषय काढला. २५ नोव्हेंबर १९८५ ला तिची कुस्ती लावली मुखवटा घातलेल्या ‘स्पायडर’शी. रिक्टरने खांदा उचलला तरी पंचाने तीन मोजून टाकले. संतापून तिने मुखवटा ओढला, तर आत मूला! वय ६२. रिक्टर त्याच कपड्यांत बाहेर पडली, टॅक्सी पकडून विमानतळावर गेली. कंपनीने तिला पुन्हा बोलावलं ते थेट २०१० मध्ये, सत्कारासाठी. मला विचाराल तर या सगळ्या नूरा कुस्त्यांमध्ये त्या रात्रीचा रिक्टरचा राग तेवढा अस्सल होता.

पुढचं थोडक्यात सांगते. १९९० मध्ये पट्टा कपाटात गेला, १९९३ मध्ये अलुंड्रा ब्लेझसाठी बाहेर काढला. दोन वर्षांनी तिला काढून टाकलं तेव्हा पट्टा तिच्याकडेच राहिला होता. १८ डिसेंबर १९९५ रोजी प्रतिस्पर्धी कंपनीच्या कार्यक्रमात तिने तो सर्वांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. १९९८ मध्ये पट्टा पुन्हा जिवंत झाला आणि १९९९ मध्ये ७६ वर्षांच्या मूलाने तो पुन्हा जिंकला, आठ दिवसांसाठी. (मी त्याच वयाच्या आसपास आहे. जमिनीवर बसले तर उठताना खुर्ची लागते.) २०१० मध्ये तो ‘दिवा’ नावाच्या दुसऱ्या पट्ट्यात विलीन केला. त्या पट्ट्यावर गुलाबी फुलपाखरू होतं. मल्ल बाईच्या कमरेला फुलपाखरू कोणाला सुचलं असेल! जेमतेम अर्ध्या मिनिटात उरकलेल्या एका सामन्यावरून २०१५ मध्ये प्रेक्षकच चिडले आणि बायकांना नीट वेळ द्या म्हणू लागले. ३ एप्रिल २०१६ ला फुलपाखरू गेलं, ‘दिवा’ हा शब्दही गेला. नवा पट्टा आला, पण जुन्या वंशावळीशी नातं न सांगता. २०१९ च्या रेसलमेनियात बायकांची कुस्ती पहिल्यांदाच शेवटी, मुख्य म्हणून लागली.

मधे २०१८ मध्ये कंपनीने एका सामन्याला मूलाचं नाव जाहीर केलं. लोकांनी ते जुने आरोप पुढे आणले, चॉकलेटवाला प्रायोजकही नाराज झाला, आणि काही दिवसांतच नाव मागे घेतलं. हा उपाय मला पटलेला नाही. ती चौघींची नावं गाळणारी हीच कंपनी, आणि आता मूलाचं नाव गाळून मोकळी होणारीही हीच. मूलाचं नाव राहू द्या, तिच्यावरचे आरोपही त्याच पानावर राहू द्या, आणि बाउचर, तोमोए, ग्रीन, स्टीव्हन्स यांना त्यांचे ते थोडे दिवस परत द्या. त्याला पैसा लागत नाही, फक्त २८ वर्षांच्या जाहिरातीवर पाणी सोडावं लागेल. कंपनीच्या यादीत मात्र १९५६ च्या मूलानंतरचं पुढचं नाव अजूनही १९८४ च्या वेंडी रिक्टरचंच आहे.